डोंगरावर अडकलेली जहाजं

आधी मला वाटलं, पुस्तकच कंटाळवाणं झालंय. आजाराची सुरुवात अशीही होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते इथं सगळ्यात आधी लिहितो. छातीत कळ नाही, घाम नाही, चक्कर नाही. फक्त माझ्या गोष्टी लहान होत गेल्या.

मी नागपूरजवळ बुटीबोरीत एका सूतगिरणीत कामाला आहे. गाव मालवणच्या बाजूला, समुद्राला लागून. आठवीनंतर शाळा सुटली कारण दादाबरोबर होडीवर जायचं होतं, आणि होडी सुटली कारण मला ती लागते. मासेमारीच्या घरात दर फेरीला ओकणारा पोरगा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. गावातला एक जण इथं नोकरीला होता. त्याच्या ओळखीनं समुद्रापासून लांब आलो आणि राहिलो.

पळायला लावलं मोरेश्वरभाऊंनी. ते आमच्या गिरणीत फिटर, मूळचे नरखेड तालुक्यातले, पन्नाशी उलटलेली. मशीनच्या आवाजानं त्यांचा उजवा कान गेला आहे. मी खोलीवर एकटा पडून असतो हे त्यांनी पाहिलं आणि एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच दार वाजवलं, "चाल बे कोकण्या, पाय मोकळे करू." वर्षभरात आम्ही एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करण्यापर्यंत पोचलो.

पळणं भाऊंचं, इतिहास माझा. शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या आणि छड्या. मोबाईलवर पुस्तकं ऐकायला मिळतात हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा इतिहासाचंच लावलं, का कोण जाणे. त्यात माणसं होती. थंडीनं कुडकुडणारी, घरची आठवण काढणारी, आपल्यासारखीच लांब आलेली. मग सवय लागली. जाताना मी एक प्रकरण ऐकायचं आणि परत येताना भाऊंच्या डाव्या बाजूनं पळत ते त्यांना सांगायचं. भाऊ कानात काही घालत नाहीत. म्हणतात, "मशीनचा आवाज लय ऐकला गा, मले माणसाचा पाहिजे."

त्यांचा नियम एकच होता. बोलता आलं तर चाल बरोबर. बोलता येत नसेल तर तू उगाच पळून राहिला.

राजे लवकर मरायला लागले

दिवाळीनंतर कधीतरी मी लढाया आटोपत्या घ्यायला लागलो. आधी ज्या वेढ्याला मी कारखान्यांच्या कुंपणापासून गिरणीच्या फाटकापर्यंतचा सगळा रस्ता लावत असे, तो दोन विजेच्या खांबांच्या अंतरात उरकायचो. मला खरंच वाटायचं की या पुस्तकात दम नाही. तीन पुस्तकं बदलली. रोमचं सोडलं, चीनचं सोडलं. दम माझ्यात नाही हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण पळत तर मी होतोच.

भाऊंना दिसलं. एकदा थांबून बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "काहून गा, तुह्ये राजे आजकाल पटापट मरून राहिले?"

"पुस्तक तसंच आहे, भाऊ."

"पुस्तक तसं आहे का तू तसा आहे?"

मी हसलो. त्यांनी परत विचारलं नाही. या गोष्टीचं त्यांना अजून वाईट वाटतं. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, असं मला वाटतं. दुखत नसलेलं दुखणं दुसऱ्याला दिसावं तरी किती.

त्यानंतर इस्तंबूलचं पुस्तक आलं. आणि त्यात माझीच गोष्ट निघाली म्हणा ना. एकवीस वर्षांचा सुलतान शहराला वेढा घालून बसलाय. शहराची खाडी आहे आणि खाडीच्या तोंडाशी लोखंडी साखळी, त्याची जहाजं आत जाईनात. तेव्हा तो काय करतो, जहाजं जमिनीवर काढतो. ओंडके अंथरून, त्यांना चरबी फासून, माणसं आणि बैल जुंपून, डोंगर चढवून पलीकडं खाडीत उतरवायची. आमच्याकडे होड्या अशाच किनाऱ्यावर ओढतात. तेल लावलेली लाकडं, दोन्ही बाजूंना सगळी वाडी, आणि एक जण ओरडायला. मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून तो दोर धरलाय.

ही गोष्ट मी आटोपती घेणार नव्हतो. भाऊंना सगळं सांगायचं होतं. जहाजं चढाला लागली, तसं मी आमच्या गावचं "हैस्सा" म्हणून दाखवलं. एकदा म्हणालो, दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा तोंड उघडलं ते आठवतं. पुढचं आठवतं ते डोळ्यांसमोर ट्रकचं चाक, उभ्या ट्रकचं, आणि भाऊंचा आवाज, "उठू नको. उठू नको म्हटलं ना बे तुले!" ते रडत होते. मी त्यांना म्हणे सांगत होतो की जहाजं अजून वर पोचली नाहीत.

निदानाचा दिवस

मोठ्या दवाखान्यात मी एकटाच गेलो. भाऊंची पाळी होती आणि मला वाटलं, अशक्तपणा निघेल, गोळ्या देतील. छातीवर थंड जेल लावून एक मुलगी पडद्यावर बघत होती. आधी ती फोनवर कुणाशी तरी गप्पा मारत होती. मग तिनं फोन ठेवला. मग ती उठून बाहेर गेली आणि मोठ्या मॅडमना घेऊन आली. त्या दोघी पडद्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्यांकडे.

"आलात कसे?" मॅडमनी विचारलं.

"बसनं. स्टॉपवरून पळत आलो, उशीर झाला होता."

मुलीनं दाराबाहेर जाऊन हळू आवाजात व्हीलचेअर मागवली. मी पळत आत आलो होतो आणि मला ढकलत बाहेर नेलं. भीती वाटली ती तेव्हा.

मॅडमनी कागदावर चित्र काढलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथं एक झडप असते. तिला तीन पाकळ्या हव्यात, माझ्या दोनच आहेत, जन्मापासून. त्या आता कडक होऊन चिकटत चालल्यात. वाट अगदी बारीक राहिलीय. ती झडप काढून धातूची बसवावी लागेल, छाती उघडून.

मी विचारलं, "पळालो म्हणून झालं का?"

"नाही. पळाला नसतात तर कळायला उशीर झाला असता. कदाचित कळलंच नसतं."

ज्यांना अशी बातमी नुकतीच मिळाली असेल त्यांना सांगतो, त्या दिवसातलं एक वाक्य जपून ठेवा. डॉक्टर खूप बोलतात आणि आपण बधिर असतो. मी हे वाक्य ठेवलं. बाकीचं भाऊंनी नंतर त्यांच्याकडून परत समजून घेतलं.

दुसरा प्रश्न विचारला, परत पळता येईल का. त्या म्हणाल्या, "आधी जगू या. आतापासून बस चुकली तरी पळायचं नाही." त्या चांगल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. पण घरी येऊन मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर किती तरी वेळ बसून होतो. वर खोली होती आणि मला चढायची भीती वाटत होती.

दादा

मला दवाखान्यात भरती केल्यावर दादा आला तो पिशवीत नारळ आणि सुके बांगडे घेऊन. वॉर्डात वास सुटला. सिस्टर म्हणाल्या, "कोणाचं आहे हे? इथं पेशंट आहेत!" दादा म्हणाला, "माझो भाव पण पेशंटच असा." माझ्या आजारपणात मी पहिल्यांदा तेव्हा हसलो.

मग भांडण. दादाला पळणं कधीच पटलं नव्हतं. "ह्या कानात घालून धावतंस ना, त्याच्यानच झाला ह्या. गावाक चल. थंय वैद्य असा."

"प्रवास नको म्हणालेत."

"म्हणजे हयंच मरतलंस?"

तो शब्द तोंडातून निघून गेला. दादानं माझे इयरफोन उशाजवळून उचलले, खिशात घातले आणि बाहेर निघून गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "आयेक काय सांगू?" आम्ही आईला हर्निया सांगितला. माझ्या लग्नाचं कुठंतरी बोलणं चाललं होतं, ते आपोआप बंद झालं. घरच्यांचा राग हा बहुतेक वेळा घाबरल्याचा असतो. पण तो अंगावर येतो तेव्हा रागच असतो. हे दोन्ही खरं आहे.

शेजारचा पलंग

शेजारी बाबाराव काका होते, काटोलकडचे, संत्र्याची बाग. त्यांचीही झडपच, पण हृदयही थकलेलं. काकू दिवसभर स्टुलावर बसून असत. काकांना उशीला टेकूनच बसावं लागे, आडवं झालं की श्वास कोंडायचा.

"पडला कसा तू?" त्यांनी विचारलं. मी जहाजांचं सांगितलं. काका सरळ होऊन बसले.

"बैल होते म्हणते?"

"होते."

"मंग चढावर जू कसं राहिलं? माणसं मागून लावली असतील. सांग बरं नीट."

तेव्हापासून रोज थोडं. मला चार वाक्यांनंतर थांबावं लागे आणि त्यांना ऐकूनसुद्धा धाप लागे, म्हणून आमचं बरोबर जमत होतं. मी थांबलो की ते शंका काढत. चरबी कशाची, ओंडके कोणत्या झाडाचे. पुस्तकात एक गोष्ट होती ती त्यांना फार आवडली. जहाजं डोंगर चढत असताना खलाशी आपापल्या जागी बसून वल्ही मारत होते. शिडं वर, नगारे चालू आणि वल्ही हवेत.

"हवेत?" काका म्हणाले. "आपल्यावाणीच मंग. पलंगावर बसून वल्ही मारून राहिलो."

काकू म्हणाल्या, "त्याले बोलू द्या जरा, आन् तुम्हीबी गप बसा. डॉक्टर ओरडतात मले."

ऑपरेशन काकांचं आधी ठरलं. आदल्या संध्याकाळी माझी जहाजं डोंगराच्या माथ्यावर पोचली. खाली खाडी दिसतेय, पलीकडं शहर, आणि शहरातले लोक तटावरून बघताहेत की डोंगरावर शिडं कशी उगवली. मी पुढं सांगणार, तर काकांनी हात वर केला.

"थांब. आज नको. मी आल्यावर उतरवजो."

"दोन मिनिटांचं आहे, काका."

"अर्धं ठेवलं की माणसाले यावं लागते," ते म्हणाले आणि काकूंकडे बघून हसले. "तोवर सुलतानाले म्हणा, चहा पी."

काका परत आले नाहीत. हृदय मशीनवरून सोडल्यावर धरलं नाही, असं काहीतरी सांगितलं. दुपारी ब्रदरनी शेजारच्या पलंगाची चादर काढून नवी घातली. काकू पिशवी न्यायला आल्या. डबा, चष्मा, टॉवेल एकेक करून भरला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. त्या माझ्या पलंगाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "जेवला का तू?"



मी नाही म्हणालो

चार दिवसांनी माझं ऑपरेशन होतं. मी दादाला म्हणालो, "गावाला जाऊ." जहाजं चढावर होती तेव्हा मी रस्त्यावर पडलो, माथ्यावर होती तेव्हा काका गेले. मी शिकलेला नाही, पण असल्या गोष्टी मानणाराही नव्हतो. तिथं मानायला लागलो. भाऊ भेटायला आले आणि सहज म्हणाले, "पुढचं सांग ना गा, बरं वाटन तुले," तर मी त्यांच्यावर ओरडलो.

आणि दादा, जो मला उचलून न्यायला आला होता, तो म्हणाला, "नाय."

"तूच म्हणत होतास!"

"तेव्हा म्हणत होतंय." तो खिडकीशी उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. "तुका उलट्यो होयत, तेव्हा मी तुका किनाऱ्यार सोडलंय. सगळे हसले, मी पण हसलंय. आता सोडूचंय नाय." मग त्यानं खिशातून माझे इयरफोन काढून उशाजवळ ठेवले. गुंडाळी त्यानं होडीच्या दोरासारखी केली होती.

मी सही केली.

वल्ही

जाग आल्यावर तोंडात नळी होती आणि हात बांधलेले होते. त्याबद्दल एवढंच सांगतो की ते संपतं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, नाहीतर फाटल्यासारखं होतं. मग ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र येतं, नळीतून श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. दोन महिन्यांपूर्वी मी पळत पळत लढाया सांगत होतो आणि आता एक गोळी हलेना. सिस्टर रोज येऊन म्हणत, "भाऊ, अजून एकदा." एकदाही आवाज चढवला नाही. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, पण मी विसरलेलो नाही. मोरेश्वरभाऊंनी पाळ्या बदलून घेतल्या, गिरणीतल्या पोरांनी रक्त दिलं, ज्यांच्याशी मी कधी धड बोललोही नव्हतो. ते रक्त माझ्यात आहे.

धातूची झडप वाजते. टिक, टिक. पहिल्यांदा दादानं ऐकलं. इकडं तिकडं बघून म्हणाला, "घड्याळ गिळलंस की काय रे?" लोक हसतात, मीही हसतो. पण कानात इयरफोन घातले की बाहेरचा आवाज बंद होतो आणि आतला मोठा होतो. मी एकदा पुस्तक लावून पाहिलं. पुस्तक वाचणाऱ्या माणसाच्या प्रत्येक वाक्याखाली टिक टिक चालू. आता थांबलं तर, एवढंच ऐकू येत राहिलं. बंद केलं.

सगळे म्हणत होते की मी बरा झालो. मी खोलीवर बसून नाडी मोजायचो. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, रक्ताची तपासणी सारखी, पडायचं नाही, लागू द्यायचं नाही. शर्यत नाही. हळू पळायला पुढं कधीतरी हरकत नाही, मॅडम म्हणाल्या. मी पळालो नाही. चाललोसुद्धा नाही फारसा. दादा गावाला परत गेल्यावर तर खोली ते गिरणी, गिरणी ते खोली. ऑपरेशननंतर बरेच जण असे होतात असं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिलं.

काटोलकडे

एक दिवस फोन वाजला आणि पडद्यावर नाव आलं, बाबाराव काका. माझ्या हातून फोन पडला. परत वाजला तेव्हा खोलीवर आलेल्या भाऊंनी उचलला. काकू होत्या, काकांच्याच फोनवरून.

"संत्र्याचा तोडा सुरू हाय. त्याले घेऊन या म्हणा. आमच्या ह्यायची गोष्ट अर्धी राहिली त्याच्यापाशी."

मी जाणार नाही म्हणालो. भाऊ म्हणाले, "तुह्यासाठी नाही बोलावून राहिल्या. त्यायच्यासाठी." तेव्हा मी निघालो. एसटीनं गेलो.

काकूंचं घर खाली आणि बाग वर, टेकाडावर. तोडणाऱ्या बायांना पाणी न्यायचं होतं. भाऊंनी कळशी घेतली आणि पुढं गेले. मी काकूंबरोबर चालायला लागलो. त्यांनी नुसतं विचारलं, "वरच हायेत का अजून जहाजं?"

"वरच आहेत."

"मंग उतरव."

मी सुरुवात केली. चढ लागला तरी मी खाली मातीकडं बघत बोलत होतो. उतरवताना जास्त भीती असते, मी सांगितलं. चढवताना ओढायचं असतं, उतरवताना धरून ठेवायचं. पुढचे बैल सोडून मागं दोर लावले, सगळी माणसं मागं झुकलेली. वल्ही अजून हवेतच. एकेक जहाज खाली सरकत गेलं, आणि पहिलं पाण्याला लागलं तेव्हा त्या खलाशांच्या वल्ह्यांना पहिल्यांदा पाणी लागलं. पुस्तकात हे शेवटचं नव्हतं. मला वाटलं तसं मी सांगितलं. आमच्याकडे होडी पाण्याला लागते तेव्हा हाताला कळतं.

"सारी उतरली?"

"सारी."

"आन् गावातल्या लोकायचं काय झालं? तटावरून पाहत होते ते?"

हे काकांनी कधी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. शहर पडलं. फार माणसं गेली.

"हं," काकू एवढंच म्हणाल्या. मग एका वाकलेल्या बोरीपाशी थांबल्या. समोर बाग होती, भाऊ बायांना पाणी वाढत होते. काकूंनी मागं वळून आम्ही आलो तो चढ पाहिला.

"हे दोनदा बसत इथं यायले," त्या म्हणाल्या. "एकदा त्या दगडावर, एकदा या बोरीखाली."

मी दगड पाहिला. तो खूप खाली राहिला होता.

"तू नाही बसला," काकू म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.